माझ्याच बीटवर, सातशे रुपये देऊन

तिकीट मुलीने काढलं. रविवारी सकाळी सात वाजता दादर टीटीला जमायचं, पारसी कॉलनी ते किंग्ज सर्कल अशी 'वारसा फेरी', मराठीतून, माणशी सातशे रुपये. मी तिला म्हटलं, अगं, त्याच रस्त्यांवर चालायचा सरकार मला पगार देत होतं. बावीस वर्षं दादरला पोस्टमन होतो, त्यातली अकरा पारसी कॉलनीच्या बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या ठरलेल्या रस्त्यांवर. ती म्हणाली, "बाबा, म्हणूनच जा. इतकी वर्षं खाली मान घालून पत्ते वाचलेत, आता जरा वर बघा."

संस्थेचं नाव लिहीत नाही. अशा फेऱ्या हल्ली बरेच जण काढतात आणि मार्ग थोड्याफार फरकाने हाच असतो. टोचलंच तर सगळ्यांना वाटून टोचेल.

फेरी बरोबर सातला निघाली, हे पहिलं कौतुक. माहिती सांगणारी मुलगी आर्किटेक्ट, सव्वीस-सत्तावीसची, पायात सपाट बूट. बोलणं पाठ केलेलं नव्हतं, हे दुसरं. तिने सुरुवात इमारतींपासून न करता प्लेगपासून केली. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला, माणसं शहर सोडून पळाली, आणि सरकारला कळलं की गोदीजवळच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसं अशी कोंबून शहर चालणार नाही. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारायला नेमलेली सरकारी संस्था, आला. त्याने जुन्या वस्तीत रस्ते फोडले, आणि १८९९-१९०० मध्ये दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागासाठी उपनगराची योजना आखली. दादर-माटुंग्यात साठ हजार माणसं, शीव-माटुंग्यात तेवढीच, शिवडी-वडाळ्याकडे पंच्याऐंशी हजार, असा हिशोब कागदावर होता. घरं भराभर उठली ती मात्र पुढे १९२० च्या दशकापासून. तोवर इथे आखलेले रस्ते होते आणि शेतं होती. हे सगळं तिने खोदादाद सर्कलच्या, म्हणजे दादर टीटीच्याच, गोंगाटात सांगितलं, त्यामुळे मागच्या दहा जणांना यातलं 'प्लेग' एवढंच ऐकू आलं. अठ्ठावीस माणसं आणि साधा गळ्यात अडकवायचा स्पीकरही नाही. सातशे रुपयांत तो बसायला हरकत नव्हती.

आत पारसी कॉलनीत शिरलो की आवाज खाली बसतो. हे मी रोज अनुभवलेलं, पण त्यामागे एक माणूस आहे हे तिने नीट सांगितलं. मंचरजी एदलजी जोशी. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. एकही घर उभं राहण्याआधी कुठल्या रस्त्याला कुठली झाडं लावायची इथपर्यंत आराखडा तयार होता. जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. ऐकून मला हसू आलं. मे महिन्यात मी बटवड्याचा क्रम याच झाडांवर लावत असे. उन्हाचे रस्ते दहाच्या आत उरकायचे आणि सगळ्यात जड थैली महोगनीच्या सावलीला ठेवायची. फिरदौसी रोडचा बटवडा नेहमी उशिरा का होतो, असं एका बाईंनी मला विचारलं होतं. आता उत्तर देता येईल: जोशीसाहेबांमुळे.

दुसरी गोष्ट तिने बरोबर हेरली. मुंबईतल्या इतर पारसी बागांना, म्हणजे वसाहतींना, कुंपण असतं, फाटक असतं. इथे नाही. रस्ता पालिकेचा, कोणीही यावं. पोस्टमनच्या दृष्टीने याचा अर्थ असा की फाटकावरच्या भय्याशी हुज्जत न घालता थेट जिन्यापाशी. अग्यारी म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, आत फक्त पारशांनी जायचं; तिच्या फाटकाशी मात्र सगळे थांबलो. मीही अकरा वर्षं तिथपर्यंतच गेलोय.

फेरीतला सगळ्यात उत्तम भाग साडेत्रेसष्ट अंशांचा. हे मला अजिबात माहीत नव्हतं. तिने आपली छत्री तिरकी धरून दाखवली. खालच्या खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला लागली पाहिजे, असा ट्रस्टचा दंडक. सोप्या भाषेत, इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं अंतर तरी मध्ये मोकळं हवं. तळमजल्यावरच्या माणसालाही ऊन-वारा मिळावा म्हणून. त्याने प्लेग पळतो असं तेव्हाचे लोक मानत. प्लेगचं मला ठाऊक नाही, पण तळमजल्याच्या दाराशी उभं राहून दिवा न लावता रजिस्टरवर सही घेता येते ती इथेच. इतर बीटांवर बायका म्हणत, "थांबा हं, लाइट लावते."

आता माझी भर. या वसाहतीची आखणी चांगली की वाईट हे आर्किटेक्टपेक्षा पोस्टमनच्या गुडघ्यांना जास्त कळतं, आणि फेरीत ते कुणी विचारलं नाही. जुन्या इमारती बहुतेक दोन मजली, फार तर तीन. जिने रुंद, पायऱ्या बुटक्या, वळणावर खिडकी. दिवसाला शंभर जिने चढलो तरी दम लागला नाही, यात जिना आखणाऱ्याचं श्रेय आहे. फुटपाथ एका रेषेत, म्हणून सायकल हातात धरूनही चालता येई. ट्रस्टने पाडलेले प्लॉटचे आकडे पत्त्यात टिकले, त्यामुळे इमारतीचं नाव पुसलं गेलं तरी कागद पोचायचा. कराचीहून, टोरांटोहून येणाऱ्या एअरमेलवर नुसता आकडा आणि 'पारसी कॉलनी, बॉम्बे १४' एवढंच असे. एकही परत गेलं नाही, निदान माझ्या हातून.

तक्रारींकडे वळतो. मराठी फेरी म्हणून जाहिरात, आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर भाषा 'इथला फसाड बघा, काय डिटेलिंग आहे' अशी. एका गोल बाल्कनीखाली वीस मिनिटं फोटो. त्या बाल्कनीवाल्यांनी शेवटी पडदा ओढला, मी असतो तरी ओढला असता.

मग एका इमारतीच्या मागे लोखंडी गोल जिना दिसला आणि सगळे धावले. किती सुंदर, किती जुना, एक जण त्याला टेकून उभा. मुलगी काहीच बोलली नाही, म्हणून मी तोंड उघडलं. म्हटलं, हा जिना संडास साफ करायला येणाऱ्यासाठी. या घरांत संडास आत आला ही त्या काळी मोठी सुधारणा, पण साफ करणारा घरातून जायला नको म्हणून त्याला मागून लोखंडाची वाट. दोन मिनिटं शांतता. टेकलेला माणूस बाजूला झाला. मुलीने मात्र वहीत लिहून घेतलं आणि "काका, हे मी पुढच्या वेळी सांगीन" म्हणाली. यासाठी तिला अर्धा तारा जास्त.

खरी चूक याहून मोठी आहे. हिंदू कॉलनी वगळली. विचारलं तर म्हणे वेळेत बसत नाही. अहो, फक्त रस्ता ओलांडायचा! आकड्यांच्या गल्ल्या, राजा शिवाजी विद्यालय म्हणजे जुनं किंग जॉर्ज, आणि राजगृह. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं घर. त्याआधी वीसेक वर्षं ते राहिले परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच. तोच ट्रस्ट, तोच प्लेग, तीच सुधारणा. कारकुनाला सावलीची झाडं, आणि गिरणीतल्या, गोदीतल्या माणसाला दहा बाय दहाची खोली आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. परळची चाळ ते राजगृह पायी पाऊण तासाचं अंतर आहे. योजनेबद्दल खरं बोलायचं तर ते अंतर चाललं पाहिजे.

मी हे नुसतं वाचून सांगत नाही. माझं लहानपण बीआयटी चाळीतलं. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, मग अंघोळ, मग शाळा. मोठेपणी खाकी घालून पारसी कॉलनीत पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, ही माणसं बागेतच राहतात की काय. त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की दोन्हीचा आखणारा एकच, तर मी विश्वास ठेवला नसता.

पाच उद्यानं पटकन उरकली, ते बरंच झालं. चालणारे, योग करणारे, कुत्र्यांना फिरवणारे, तिथे सांगण्यापेक्षा बसण्यासारखं आहे. व्हीजेटीआय कॉलेजवरून पुढे माटुंगा. इथे दक्षिणेतून नोकरीसाठी आलेली कुटुंबं कशी वसली, देवळं आणि खानावळी कशा आल्या, हे तिने छान सांगितलं. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, पण माटुंग्यात जुनी माणसं अजून 'ट्रस्टचा प्लॉट' म्हणतात. शेवट फिल्टर कॉफीने. कॉफीचे पैसे तिकिटात नाहीत, हे आधी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

परतताना मी एकटाच हिंदू कॉलनीतून आलो. दोन मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजल्यांचे टॉवर, खाली तीन मजले नुसत्या गाड्या. छत्री नव्हती म्हणून हात तिरका धरून बघितलं. साडेत्रेसष्ट अंशांत समोरचा सातवा मजला लागला. पोस्टमन आता वर जातच नाही, खाली सिक्युरिटीच्या टेबलावर गठ्ठा ठेवतो.

पाचपैकी साडेतीन तारे. फेरी हिंदू कॉलनीतून सुरू केलीत आणि स्पीकर आणलात तर मी पुन्हा येईन, माझ्या पैशाने. ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का, तेही विचारून ठेवलं. नाही म्हणाले.