घाटासाठी रोड बाइकचे गिअर: ११–२८, ११–३२ की ११–३४?

नाशिकमध्ये रोड बाइक चालवणाऱ्याला गिअरचा प्रश्न गंगापूर रस्त्यावर किंवा दिंडोरीकडच्या सपाट पट्ट्यात सहसा पडत नाही. तो पडतो सावळघाटात, तोरंगणच्या वळणांवर किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना, जेव्हा मागचा सर्वांत मोठा कॉग (दातेरी चक्र) आधीच लागलेला असतो आणि तरीही बोट सवयीने शिफ्टर एकदा दाबून पाहते. वर्षभर नियमित सायकल चालवल्यावर हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो: आता दम वाढला आहे, तर ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या सर्व कॉगचा संच; ११–३४ म्हणजे सर्वांत लहान कॉग ११ दात्यांचा, सर्वांत मोठा ३४ चा) काढून २८ ची लावावी का? दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण आज निवडलेली कॅसेट उद्याच्या तब्येतीलाही पुरणार आहे की नाही, हेच खरे ठरवायचे असते.

आधी थोडे गणित. पुढच्या चेनरिंगच्या (पायडलजवळच्या दातेरी चक्राच्या) दात्यांना मागच्या कॉगच्या दात्यांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरते ते कळते, आणि २५ मिलिमीटर टायरच्या नेहमीच्या रोड चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन, ८ टक्क्यांचा चढ, पडलेला वारा आणि मिनिटाला ७० फेऱ्यांचा केडन्स धरला, तर ३४/३४ वर (पुढे ३४ दाते, मागेही ३४) वेग ताशी ८.८ किलोमीटर राहतो आणि त्याला सुमारे १७० वॅट लागतात. ३४/३२ वर वेग ९.४ होतो आणि शक्ती १८० च्या आसपास जाते. ३४/२८ वर हेच आकडे १०.७ आणि २१० होतात, ३६/२८ वर ११.३ आणि २२०, तर जुन्या धाटणीच्या ३९/२५ वर १३.८ आणि तब्बल २७०. दोन बाटल्या, बॅग आणि थोडे पोट धरून एकूण वजन ९५ किलो असेल, तर ३४/३४ लाही २०० वॅट लागतात आणि ३४/२८ ला जवळपास २५०.

ज्याच्या पायांत तासभर टिकेल अशी ताकद १५० वॅट आहे, आणि हौशी स्वारांपैकी पुष्कळांची सुरुवात याच्या आसपास होते, त्याला याच चढावर ३४/३४ मध्ये मिनिटाला ६० पेक्षा थोडे अधिक फेरे मिळतात, तर ३४/२८ मध्ये केडन्स पन्नासवर येतो. खर्च होणारी शक्ती तीच असते, पण प्रत्येक फेऱ्याला पायडलवर द्यावा लागणारा जोर पाचव्या हिश्श्याने वाढतो, आणि गुडघ्याला तो जोरच जाणवतो, वॅटचा आकडा नव्हे.

आता ११–३४ वरचा नेहमीचा आक्षेप पाहू. या कॅसेटमध्ये दोन कॉगमधले अंतर फार मोठे असते, त्यामुळे सपाट रस्त्यावर हवा तो गिअर सापडत नाही आणि गटात चालवताना केडन्स सतत तुटतो, असे सांगितले जाते. शिमानोच्या ११ स्पीड (मागे ११ कॉग असलेल्या) कॅसेटमधले दाते शेजारी शेजारी मांडून पाहिले की या आक्षेपातली हवा बरीचशी निघून जाते. ११–२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५ आणि २८ असे कॉग असतात. ११–३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३० आणि ३४. म्हणजे १५ पासून २५ पर्यंत दोन्ही कॅसेट तंतोतंत सारख्या आहेत. ३४ वाल्याने गमावले ते १२ आणि १४ हे दोन कॉग, आणि ५०/१४ हा गिअर ९० च्या केडन्सला ताशी ४० किलोमीटरच्या वर नेतो. सकाळच्या गटात ३० ते ३५ च्या वेगाने जाणाऱ्याला १५, १७ आणि १९ हेच कॉग लागतात, आणि ते त्याच्याकडे आहेतच. ज्याला टाइम ट्रायल किंवा क्रिटेरियमसारख्या शर्यतीत उतरायचे आहे, त्याने १२ आणि १४ साठी जरूर हट्ट धरावा. बाकीच्यांनी तो धरण्याचे कारण मला दिसत नाही.

गंमत अशी की मधला मार्ग म्हणून सुचवली जाणारी ११–३२ मात्र खरोखर वेगळी वागते. तिचे कॉग ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८ आणि ३२ असे असतात. वरच्या टोकाला ती ११–२८ इतकीच दाट आहे, पण खाली २२ नंतर २५, २८, ३२ अशा उड्या मारत जाते, त्यामुळे चढावर दर वेळी गिअर बदलला की पाय एकदम मोकळे तरी होतात किंवा एकदम जड तरी. सपाटीवर वेगाने जाणारा, वजनाने हलका आणि वर्षातून मोजकेच घाट चढणारा स्वार असेल तर ही कॅसेट त्याला चांगली. १२ स्पीडमध्ये हा वादच जवळजवळ मिटतो: तिथल्या ११–३४ मध्ये ११ ते १५ सलग आहेत आणि पुढे १७, १९, २१, २४, २७, ३०, ३४. २०२१ मध्ये आलेल्या शिमानो अल्टेग्रा आर८१०० या गिअरसंचासाठी कंपनीने ११–३० आणि ११–३४ अशा दोनच कॅसेट दिल्या, यावरून शर्यतींच्या सायकलींचा कलही लक्षात यावा.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. शहर पठारावर आहे, त्यामुळे पश्चिमेला कोकणाच्या दिशेने जाणाऱ्या बहुतेक वाटांवर घाट आधी उतरायचा असतो आणि घरी येताना चढायचा असतो. कसारा असो, तोरंगण असो किंवा पेठ रस्त्यावरचे कोटंबी आणि सावळघाट असोत, चढ येतो तो पाय थकल्यावर, बाटली कोमट झाल्यावर आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आल्यावर. त्यातही कसारा घाट ट्रक-बसच्या राबत्या महामार्गाचा असल्याने त्याचा चढ बेताचा, फक्त लांबलेला आहे, आणि सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरी घाट तर गिअरचा विचार करण्याआधीच संपतो. कसारा घाटाशेजारच्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ ला १ इतकाच आहे, तरीही कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा बँकर इंजिने लावण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. चढाला लागणारे बळ सपाटीच्या हिशेबाने मोजायचे नसते, हे रेल्वेवाल्यांना कधीच कळलेले आहे. सप्तशृंगी गडाचे गणित वेगळे. नाशिकहून पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर नांदुरीला सुमारे दहा किलोमीटरचा घाट सुरू होतो, आणि तिथे सरासरी चढापेक्षा वळणांच्या आतल्या बाजूचे तीव्र तुकडे छळतात. १२ टक्क्यांच्या तुकड्यावर ८० किलो वजनाला ३४/३४ मध्येही ७० फेऱ्यांसाठी २५० वॅटच्या आसपास लागतात. म्हणजे चांगला तयारीचा स्वारही तिथे शेवटच्या कॉगवर असतो आणि त्यात कमीपणा काही नसतो.

पावसाळ्यात याला एक पदर जोडला जातो. त्र्यंबक-इगतपुरीकडचे रस्ते जून ते सप्टेंबर ओले आणि जागोजागी शेवाळलेले असतात. गिअर अपुरा पडला की स्वार पायडलवर उभा राहतो, मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक जागच्या जागी फिरते. बसून, शांतपणे पायडल फिरवत चढता येईल इतका हलका गिअर असणे ही तिथे सुरक्षिततेचीच बाब आहे.

आता तब्येत सुधारल्यानंतरचा प्रश्न. ३४ वरून २८ वर येणे म्हणजे शेवटचा गिअर सुमारे २१ टक्क्यांनी जड करणे होय. १५० वॅटवाला स्वार मेहनतीने १८० वर पोहोचला, तर त्याची ताकद २० टक्क्यांनी वाढली, आणि ही काही लहानसहान प्रगती नव्हे. त्याने आता २८ ची कॅसेट लावली, तर त्याच चढावर त्याचा केडन्स होता तिथेच राहतो: वर थोडा लवकर पोहोचतो, पण पाय पूर्वीइतकेच अडकतात. कमावलेली सगळी सवड एका बदलात खर्ची पडली. उलट ३४ तसाच ठेवला, तर नेहमीचा चढ तो ३० वर किंवा २७ वर चढतो आणि शेवटचा कॉग थकव्यासाठी, उन्हासाठी आणि त्याहून लांबच्या पल्ल्यासाठी हाताशी राहतो. शिवाय माणूस तयार झाला की तो घाटही मोठे निवडतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत) साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्यातल्या शेवटच्या घाटाला सकाळचे ताजे पाय नसतात. वजनाचेही तसेच आहे: एकूण ८५ किलोवरून ८० वर येणे हे चढावर ३४ ऐवजी ३२ चा कॉग वापरण्याइतके असते, त्याहून अधिक नाही.

म्हणून माझे मत असे की तब्येत सुधारल्यावर बदल करायचाच असेल, तर तो मागच्या मोठ्या कॉगमध्ये नव्हे, पुढच्या चेनरिंगमध्ये करावा, आणि तोही गरज खरोखर भासली तरच. ५०/३४ चा कॉम्पॅक्ट क्रँक (पायडलचे दांडे आणि ५० व ३४ दात्यांची दोन चेनरिंग) आणि ५२/३६ चा सेमी-कॉम्पॅक्ट यांच्यात खालच्या गिअरचा फरक सहा टक्क्यांहून कमी आहे. ३६/३४ म्हणजे जवळजवळ ३४/३२ च, त्यामुळे ११–३४ बरोबर ५२/३६ घेणाऱ्याचे घाटात फारसे बिघडत नाही आणि सपाटीवर मोठे चेनरिंग मिळते. पण ५०/११ सुद्धा ९० च्या केडन्सला ताशी ५१ किलोमीटरचा वेग देतो, तेव्हा ५२ ची गरज किती जणांना आहे याचा विचार करावा. घाटाच्या उतारावर त्याहून वेगात पायडल मारण्याची हौस कोणी बाळगू नये. ५३/३९ चा क्रँक असलेली जुनी सायकल स्वस्तात मिळत असेल, तर किमतीत नवा क्रँक धरूनच सौदा करावा. उलट टोकाला, वजन जास्त असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा सामान लादून जायचे असेल, तर ४६/३० चा ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांच्या सायकलीचा) क्रँक उत्तम: ३०/३४ वर ७० फेऱ्यांना वेग ताशी ७.८ किलोमीटर इतका खाली येतो. मात्र शिमानोच्या जीआरएक्स या ग्रॅव्हल संचातल्या क्रँकची चेनलाइन (साखळीची रेषा) रोडपेक्षा २.५ मिलिमीटर बाहेर असते आणि त्याला पुढचा डिरेलरही (साखळी सरकवणारा भाग) जीआरएक्सचाच लागतो, म्हणून हा खर्च एका भागावर थांबत नाही.

पैसे देण्याआधी मागच्या डिरेलरची मर्यादा पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. शिमानो १०५ आर७००० आणि अल्टेग्रा आर८००० या गिअरसंचांच्या आखूड केजच्या (साखळी ताणून धरणाऱ्या दोन पुलींच्या सांगाड्याच्या) डिरेलरला मोठ्यात मोठा ३० दात्यांचा कॉग चालतो, मध्यम केजला ३४. दुसरी मर्यादा साखळी ओढून धरण्याच्या क्षमतेची: चेनरिंगमधला फरक आणि कॅसेटमधला फरक यांची बेरीज आखूड केजला ३५ पर्यंत आणि मध्यम केजला ३९ पर्यंत चालते. ५०/३४ आणि ११–३४ यांची बेरीज बरोबर ३९ होते, म्हणजे हे काठोकाठ बसते. केज आखूड असेल, तर ११–३० वर थांबावे किंवा डिरेलरही बदलावा. ११ स्पीडची एचजी८०० ही ११–३४ कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची चकती लागते. ती राहिली तर कॅसेट हलते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

मोठी कॅसेट बसवल्यावर दुकानातून निघण्याआधी सायकल स्टँडवर लावून पुढे मोठे चेनरिंग आणि मागे ३४ चा कॉग असा गिअर मेकॅनिककडून सावकाश टाकून घ्यावा. साखळी ताणून डिरेलरचा केज पुढे खेचला जात असेल, तर साखळी आखूड आहे. जुनी साखळी ११–२८ च्या मापाने कापलेली असल्यास हे हमखास होते आणि ती बदलावी लागते. साखळी बदलायचीच असल्याने कॅसेटचा बदल जुनी साखळी झिजेपर्यंत थांबवून दोन्ही एकदमच केले, तर खर्च वाचतो. मग बी-स्क्रू (डिरेलर कॉगपासून किती दूर राहतो ते ठरवणारा स्क्रू) फिरवून वरची पुली ३४ च्या कॉगला घासत नाही एवढे पाहून घ्यावे.