बिनलेबलची पांढरी डबी

गेल्या पावसाळ्यात माझ्या ६ वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडला. केस मुळाशी तुटलेले, नुसते काळे ठिपके, वर पापुद्रे. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "बाई, हा तर खवडा दिसते." मी ऐकलं नाही. मोबाईलवर नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका केसांच्या क्लिनिकची जाहिरात पाहिली होती, तिथे घेऊन गेले.

पांढऱ्या कोटातल्या माणसानं लांबूनच पाहून "चाई आहे" म्हटलं. चाईत केस गळून टक्कल पडतं, पण ती जागा गुळगुळीत असते, तिथे पापुद्रे नसतात, हे मला कुठं ठाऊक! १२ सिटिंगचे १४,५०० रुपये आगाऊ घेतले. सोबत तेल आणि एक बिनलेबलची पांढरी डबी.

खरा घात त्या डबीनं केला. मलम लावल्यावर चौथ्याच दिवशी खाज थांबली, लाली गेली. आम्ही त्या माणसाला दुवा दिला. तिसऱ्या आठवड्यात एकाचे तीन चट्टे झाले, एका जागी पू झिरपणारी मऊ गाठ आली, मानेमागे अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. "गळू आहे, चिरा देऊ" म्हणत त्यांनी आणखी ३,००० मागितले. तिथून उठले ती थेट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात गेले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पापुद्रे आणि तुटके केस खरवडून काचपट्टीवर घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बुरशी निघाली, म्हणजे सासूबाई म्हणाल्या तो खवडाच. डबीत स्टेरॉइड असणार, म्हणाल्या. त्यानं लाली दबते आणि बुरशी आतून फोफावते. ती केसाच्या आतच शिरलेली असते, म्हणून नुसत्या मलमानं जात नाही, औषध पोटातूनच द्यावं लागतं. ग्रिसिओफुल्विन, जेवणानंतर दुधासोबत, ८ आठवडे. दूध यासाठी की स्निग्ध पदार्थाबरोबर ते नीट शोषलं जातं. गाठ चिरायची नव्हतीच, औषधानंच बसली. धाकट्याचंही डोकं तपासून घेतलं, कंगवे-टॉवेल वेगळे केले. गाठीच्या जागी बोटाच्या पेराएवढं टक्कल मात्र राहिलंय. तिथे केस येतीलच असं नाही.

पैसे परत मागायला गेले तर पावती पुढे केली: "सौंदर्यसेवा. रक्कम परत मिळणार नाही." रोगाचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. ॲलोपॅथी डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर तो क्रमांक असावाच लागतो. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशी डबी असेल तर लावणं थांबवा, पण फेकू नका. पावतीसोबत जपून ठेवा आणि पोराला दाखवायला नेताना डॉक्टरांपुढे ठेवा.