वाटणी की एकच वारस? वेल्सच्या राजांचं दुखणं

वेल्समधे जुना रिवाज म्हणजे बापाची जमीन सगळ्या पोरांत वाटायची, अनौरस असला तरी हक्क असायचा. वेल्समधल्याच पॉविस राज्यात तेच झालं, 1160 ला तिथला राजा मॅडॉग गेला आणि राज्याचे जे तुकडे पडले ते परत कधी जुळलेच नाहीत.

ग्विनेड या दुसऱ्या वेल्श राज्याच्या थोरल्या ल्यूवेलिनने उलटं केलं, मोठा पण अनौरस मुलगा ग्रिफिड बाजूला आणि धाकटा मुलगा डेव्हिड, जो आईकडून इंग्लंडच्या जॉन राजाचा नातू, तो वारस. बिचारा ग्रिफिड 1244 मधे लंडनच्या टॉवरमधून पळताना पडून मेला, फार वाईट वाटतं वाचून. डेव्हिड 1246 ला निपुत्रिक गेला, मग ग्रिफिडच्या पोरांत परत वाटणी, परत भांडण, शेवटी 1255 ला त्यांच्यातल्याच ल्यूवेलिनने (थोरल्या ल्यूवेलिनचा नातू) सख्ख्या भावांना हरवून सगळं एकहाती घेतलं.

मला तरी एकच वारस बरा वाटतो, कारण 1267 ला इंग्लंडने 'प्रिन्स ऑफ वेल्स', म्हणजे वेल्सचा शासक, मान्य केला तो याच एकहाती ल्यूवेलिनला.