साधं पाणी की ॲसिड रिन्स, हीटर की सक्शन?

कार्पेट-सफाईचं सामान घ्यायला गेलात की दुकानदार आधी केमिकलचे कॅन पुढे करतो. पैसे मात्र मशीनवर जास्त जातात. तरी रिन्सचं, म्हणजे कार्पेट शेवटी धुवून काढायच्या पाण्याचं, आधी बघू, कारण ते स्वस्तात सुटतं.

साधं पाणी बहुतेक धाग्यांना चालतं. नवी मुंबईतलं मोरबे धरणाचं पाणी नळाला असेल तर बऱ्याच कामांना तेवढं पुरतंही. अडचण दोन ठिकाणी येते. तेलकट मळ सोडवायला नायलॉन-पॉलिप्रॉपिलीनवर आपण पीएच १० च्या आसपासचा अल्कली प्री-स्प्रे (धुण्याआधी फवारायचं केमिकल) मारतो. तो पूर्ण निघाला नाही तर कार्पेट चिकट राहतं आणि येण्याजाण्याची वाट काही आठवड्यांत पुन्हा काळी पडते. दुसरं, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं. ते बोअरवेलचं असेल तर क्षार मागे राहून धागे वाळल्यावर कडक लागतात. या दोन्हींवर ॲसिड रिन्स, म्हणजे सौम्य ॲसिड घातलेलं धुवायचं पाणी, उपयोगी पडते. उरलेलं अल्कली ती मारते, क्षारही विरघळवते. खात्री करायची तर ओल्या कार्पेटवर पीएच-पट्टी दाबून धरा. निळी झाली तर अजून धुवायचं बाकी आहे, पिवळसर हिरवी आली तर काम झालं.

भदोहीच्या लोकरी गालिच्याला मात्र प्री-स्प्रेच सौम्य हवा, आणि रिन्स ॲसिडचीच. आधी पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का बघा. ॲसिड रिन्सच्या जवळपास ब्लीच आणूच नका, क्लोरीन वायू सुटतो.

मशीनच्या टाकीत डिटर्जंट घालून धुणारेही आहेत. फेस बघून गिऱ्हाईक खूश होतं, पण तोच फेस टाकीतून सक्शन मोटरमध्ये शिरतो. हॉटेलच्या तुपकट कार्पेटवर, तेही डिफोमर (फेस मारणारं केमिकल) टाकून, एखाद्या वेळी ठीक, एरवी नको.

आता मशीन. गाडीवरचं मोठं युनिट अठराव्या मजल्यासाठी निरुपयोगी, तेव्हा पोर्टेबल एक्स्ट्रॅक्टरच, म्हणजे पाणी फवारून लगेच ओढून घेणारं, उचलून नेता येणारं मशीन. हीटरवालं घ्यावं का? दोन सक्शन मोटरी दोनेक हजार वॅट खातात, हीटर आणखी तेवढेच. १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर साडेतीन हजारांच्या वर काही मिळत नाही, म्हणजे एमसीबी पडण्याची भीती. दोन वेगळ्या सर्किटवर चालणारं मशीन असेल तरच हीटरचा विचार करा. फ्लॅटमध्ये गिझरचं पाणी टाकीत ओतूनही भागतं, पंपाला तेवढं गरम पाणी चालतं का एवढं विचारून घ्या.

सक्शनमध्ये काटकसर करू नका. ठाण्याच्या जुलैत हवाच इतकी दमट असते की कार्पेटमध्ये उरलेलं पाणी रात्रभरात वाळत नाही. सकाळी कुबट वास आणि ऑफिसातून फोन. दोन मोटरी सिरीजमध्ये असतील तर ओढ जास्त, पॅरललमध्ये असतील तर हवा जास्त. होज लांब टाकावा लागत असेल तर मी सिरीजवालं घेईन. शिवाय पाणी न सोडता नुसत्या सक्शनचे दोन-तीन हात मारायचे, एअर मूव्हर (वाळवायचा जोरदार पंखा) लावायचा, एसी ड्राय मोडवर.

ऐरोली-महापेच्या आयटी ऑफिसांत बहुतेक कार्पेट टाइल्स असतात. तिथे एक्स्ट्रॅक्टर दर वेळी न्यायचं कारण नाही. एन्कॅप्सुलेशनला, म्हणजे मळाला वेढून सुकणारं केमिकल घासायच्या पद्धतीला, पाणी जेमतेम लागतं, तासा-दोन तासांत वाळतं, आणि सुकलेला मळ नंतर व्हॅक्युमने निघतो. रिन्सचा प्रश्नच नाही. मुळाशी बसलेली माती त्याने निघत नाही, म्हणून वर्षातून एकदा पाण्याने काढा, आणि शक्यतो पावसाळा सोडून.