वीज किती लांब आहे? गोव्याच्या सत्तरी तालुक्यात नऊ महिने वापरलेल्या वीज-सेन्सरचा अनुभव

आमचं घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे, कुळागराला म्हणजे पोफळी-माडांच्या बागेला लागून. एप्रिल-मे महिन्यात इथे दुपारी दोनला आभाळ स्वच्छ असतं आणि चारला अंगणातली काजूबी, कोकमाची सोलं, मिरच्या सगळं भिजून जातं. सामान भिजलं तर पुन्हा वाळवता येतं. मला काळजी असते ती डोंगरावर काजू गोळा करायला गेलेल्या बायकांची. उघड्या उतारावर, हातात लोखंडी टोकाची काठी आणि वर एकटंदुकटं झाड. म्हणून २०२४च्या सप्टेंबरअखेरीस घरगुती हवामान केंद्र घेतलं आणि त्याला जोडणारा वीज ओळखणारा सेन्सर वेगळा मागवला. दोन्ही मिळून तेरा हजारांच्या आसपास गेले. परतीच्या पावसातल्या विजा, कोरडा हिवाळा आणि पूर्ण वळवाचा हंगाम असं सगळं त्याच्याबरोबर पाहून झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा बऱ्याच घरगुती सेन्सरमध्ये एएस३९३५ ही एकच चिप असते. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात. त्या ही चिप टिपते आणि त्यांच्या ताकदीवरून वादळाची पुढची कड किती लांब आहे याचा अंदाज देते. कमाल पल्ला ४० किलोमीटर. सुरुवातीला मला वाटायचं आकडा हळूहळू उतरत येईल, ३९, ३८, ३७ असा. तसं होत नाही. तो ४०, ३७, ३४, ३१, २७, २४, २०, १७, १४ अशा ठरलेल्या पायऱ्यांनीच उतरतो. ३३ किंवा २२ तुम्हाला कधीच दिसणार नाही. आधी मला हा बिघाड वाटला होता. पायऱ्या कळल्यावर मी एकेका आकड्याकडे बघणं सोडलं आणि आकडे कुठल्या बाजूला सरकतायत ते बघायला लागले. एकदा २७ आला आणि गेला, त्याला अर्थ नाही. ३७, ३१, २७ असे तीन आकडे ओळीने खाली आले, की मी फोन उचलते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार सांगते. पावणेतीनला पूर्वेला म्हादईच्या रानावर पांढरे ढग फुलकोबीसारखे वर चढत होते. हे रोजचंच. दुपारी अरबी समुद्रावरून येणारा वारा आत सरकतो, पलीकडून पूर्वेची हवा येते, दोघांची गाठ घाटमाथ्यावर पडते आणि हवा वर उचलली जाते. वरच्या थरातला वारा पूर्वेकडून असेल तर तिथे तयार झालेला ढग घाट उतरून आमच्याकडे येतो. त्या दिवशी ३:१० ला यंत्रावर ४० आला. ३:२५ ला ३४, ३:३५ ला २७. कानाला काहीच नव्हतं. गडगडाट ऐकू येतो तो साधारण १५ किलोमीटरच्या आतला, आणि आमच्यासारख्या दरीत तर त्याहून कमी अंतरावरून. ही मधली वेळ, म्हणजे यंत्राला कळलंय पण कानाला नाही ती, मी खरी विकत घेतलीय असं मला वाटतं. डोंगरावर फोन केला. “आवाज खंय आसा गो?” असं पलीकडून विचारणं झालं, पण बायका टोपल्या घेऊन उतरल्या. ३:५० ला १७. चार वाजून पाच मिनिटांनी पहिला गडगडाट.

त्यानंतरची दहा मिनिटं मी यंत्राच्या घरातल्या, आकडे दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून होते. तापमान ३४ अंशांवरून २५ वर आलं. मरगळलेला वारा एकदम पूर्वेकडून सुटला, पोफळी वाकल्या, आणि हवेचा दाब दीड हेक्टोपास्कलने वर उडी मारून गेला. पावसाने गार झालेली जड हवा ढगाच्या पोटातून खाली कोसळते आणि जमिनीवरून पुढे पसरते, त्या हवेचा हा दाब. वळवाच्या आधी गार वारा येतो हे लहानपणापासून माहीत होतं. तोच वारा आलेखावर उभ्या रेघेसारखा चढताना पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. पाऊस त्यानंतर सहा मिनिटांनी आला.

उणी बाजूही तेवढीच सविस्तर सांगायला हवी. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दिशा कळत नाही. ३१ म्हणजे चोर्ल्याकडे की सांग्याकडे, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी मी दोन गोष्टी जोडीला ठेवते. पहिली ‘दामिनी’, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं अ‍ॅप. त्यांच्या सेन्सरांचं जाळं देशभर आहे, त्यामुळे वीज कुठे पडली ते नकाशावर दिसतं, आणि आपल्या ठिकाणाभोवती २० व ४० किलोमीटरची वर्तुळं असतात. दुसरी, पणजीच्या आल्तिनोवरच्या हवामान खात्याच्या डॉपलर रडारचं चित्र. त्यात ढग पश्चिमेला सरकतोय की जागीच विरतोय ते दोन-तीन चित्रं ओळीने पाहिल्यावर समजतं. मग यंत्र कशाला, असं कोणी विचारेल. कारण वादळाच्या दिवशी आमच्याकडे आधी लाईट जाते आणि पाठोपाठ मोबाईलची रेंज. तेव्हा घरात चालू राहतं ते बॅटरीवरचं हेच एक.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात यंत्र ८ दाखवत होतं, पाऊस सुरू झाला नव्हता, आणि आमच्या विहिरीपासून दीडशे पावलांवरचा माड पेटला. कानठळ्या बसल्या. शेंड्यातून धूर निघाला आणि दोन दिवसांत झावळ्या काळ्या पडून लोंबायला लागल्या. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते वादळाच्या कडेचा अंदाज देतं, पुढची वीज कुठे पडेल ते नाही, आणि वीज पावसाच्या पुढे दहा किलोमीटरवरही पडू शकते. त्या दिवसापासून घरचा नियम बदलला. १४ दिसलं की सगळे आत, नळाला आणि वायरला हात नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास कोणी अंगणात जायचं नाही. बाबा आधी हे मानत नसत. आता तेच घड्याळ लावून बसतात.

खोट्या सूचनांनी पहिला महिना वैताग आणला. रोज पहाटे सहाला १ किलोमीटरवर वीज! आभाळात चांदण्या. शेवटी लक्षात आलं की कुळागराचा पंप तेव्हा सुरू होतो. मोटरच्या ठिणगीतूनही तशाच लहरी निघतात. सेन्सर पंपघराच्या भिंतीवरून काढून परसाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी खांबावर लावला तेव्हा पहाटेच्या विजा थांबल्या. इन्व्हर्टरजवळ ठेवू नका, फ्रीजजवळही नको. खोक्यावर सेन्सरपासून पडद्यापर्यंत शंभर मीटर पल्ला लिहिलाय, तो मोकळ्या मैदानातला. आमच्या जाड चिऱ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की पंचवीस मीटरवर संपर्क तुटतो. विकणाऱ्या दुकानाला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. शेवटी पडदा खिडकीच्या उंबऱ्यावर आणून ठेवला.

पर्जन्यमापक ठीक. त्यातलं छोटं तराजूसारखं भांडं भरलं की कलंडतं आणि एकेक कलंडणं मोजलं जातं. मुसळधार सरीत मात्र ते कमी मोजतं. शेजारी सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवून मी पट्टीने पाणी मोजते, हवामान खात्यासारखंच सकाळी ८:३० ला. मोठ्या वळवाच्या दिवशी डब्यात ४१ मिलिमीटर होते, यंत्रात ३५. मार्चमध्ये तर आत हुमल्यांनी, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांनी, पानं चिकटवायला घेतली होती आणि भांडं हलतच नव्हतं. आता गाळणीवर बारीक जाळी आहे, आणि दर रविवारी झाकण उघडून बघते.

यंदा, म्हणजे २०२५ला, हंगाम लवकर आटोपला. मान्सून केरळात २४ मेलाच पोचला आणि २६ला मुंबईत, म्हणजे मृग लागायच्याही आधी. सोलं निम्मीच वाळली, उरलेली चुलीवरच्या माळ्यावर गेली. एकदा पश्चिमेचा ओला वारा जाड थरात वाहायला लागला, की घाटावरचे ते उंच ढग आधीसारखे चढत नाहीत. पाऊस दिवसभर पडतो, पण विजांचा आकडा बहुतेक दिवस कोराच राहतो. शेजारच्या काकी एप्रिलभर रोज दुपारी कुंपणावरून विचारायच्या, “आज येता काय गो?” आता विचारत नाहीत.

घ्यावं का? पणजीत किंवा मडगावात फ्लॅटमध्ये राहत असाल तर दामिनी आणि रडार पुरेसं आहे, पैसे घालवू नका. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणच्या घाटाकडच्या गावात असाल, तुमच्यासाठी कोणी उघड्यावर काम करत असेल, तर मी घ्या म्हणेन. नुसता वीज-सेन्सर आणि आतला पडदा घेतला तरी चालेल, वारा-पाऊस मोजणं नंतर जोडता येतं. बॅटऱ्या चांगल्या घ्या. सोबत आलेल्या डिसेंबरातच संपल्या. मी काल वीज-सेन्सर उतरवला, कापडाने पुसून तांदळाच्या डब्यात ठेवला. खांबाला कीड लागलीय, तो गणपतीनंतर बदलायचा आहे. परतीच्या पावसाच्या विजा सुरू व्हायच्या आत तो पुन्हा वर चढायला हवा.