अठराशे की अठ्ठ्याण्णवशे? सोसायटीच्या हिशेबासाठी दोन एआय सहायक

घोडबंदर रोडवरच्याच दुसऱ्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा परवा फोन आला. "तुम्ही दोन्ही वापरलीत ना? मग आम्ही कोणतं घेऊ?" दहा मिनिटं बोललो, पण फोन ठेवल्यावर वाटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. हा प्रश्न विचारणारे ते तिसरे.

मी दिवसा ऐरोलीत बसून लोकांसाठी स्क्रीन डिझाइन करतो आणि संध्याकाळी ठाण्यात ११२ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी असतो. पहिल्या कामाचे पैसे मिळतात, दुसऱ्याच्या शिव्या. दोन्ही अ‍ॅपची नावं मुद्दाम देत नाही. एकाला बोलका म्हणू, दुसऱ्याला शंकासुर. पावत्यांचे फोटो वाचून तक्ता करणं, सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा, नोटिसा, उपविधींवरच्या प्रश्नांना उत्तरं, ही कामं दोघंही करतात. महिन्याचे पैसे किती, किती पावत्यांपर्यंत फुकट, हे त्यांच्या जाहिरातींत आहे. ते सोडून बोलतो.

आधी बोलक्याचं कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. त्याचं मराठी ऐकावं. "लिफ्टमध्ये सायकल नेऊ नये" ही नोटीस त्याने अशी लिहून दिली की दोन सभासदांनी मला "छान लिहिलंय" असा मेसेज केला. नोटिशीला असा मेसेज येण्याची माझ्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ. त्याला नाव आहे, हसरा चेहरा आहे, तो "मी बघतो ना" म्हणतो. शंकासुराचं मराठी मात्र तहसील कचेरीतून आल्यासारखं: "सदर रकमेची पडताळणी करून मंजुरी द्यावी." चेहरा नाही, नाव नाही, "मी" तर नाहीच. नुसती नोटिसा आणि पत्रांची कामं असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, बोलका घ्या.

आमचं गाडं अडलं ते टँकरच्या पावत्यांवर.

मे महिन्यात आमच्याकडे ३८ टँकर आले. दहा हजार लिटरचा टँकर, अठराशे रुपये ठरलेला दर. पावती म्हणजे टँकरवाल्याच्या खिशातल्या पुस्तकातलं पातळ पान, कार्बनखालची प्रत, वर पाण्याचे डाग, आणि आकडे मराठी. मराठी हाताने घाईत लिहिलेले १ आणि ९ ज्याने पाहिलेत त्याला पुढचं सांगायला नको. शेपटी कुठे संपते आणि गाठ कुठे सुरू होते हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक, कधीकधी त्यालाही नाही. बोलक्याने ३८ फोटो घेतले, अर्ध्या मिनिटात सुंदर तक्ता दिला, खाली बेरीज ७६,४०० रुपये आणि सोबत "सर्व पावत्या तपासल्या आहेत." मी तो तसाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात बी विंगमधल्या निवृत्त शिक्षिका बाईंचा मेसेज आला: "१७ तारखेच्या टँकरमध्ये बिसलेरी होतं का?"

त्या दिवसाच्या १,८०० चे ९,८०० झाले होते. खरी बेरीज ६८,४०० रुपये.

चूक झाली याचं मला फार वाटलं नाही. ती पावती मी स्वतः बघितली तेव्हा मलाही दोन वेळा चष्मा पुसावा लागला. डोक्यात गेलं ते वेगळंच. त्या तक्त्यात ३८ आकडे होते आणि सगळे एकाच टाइपात, एकाच काळ्या रंगात. जे ३७ त्याने वाचले होते आणि जो एक त्याने ठोकून दिला होता, त्यांच्यात दिसायला सुताचाही फरक नव्हता. आमचे खजिनदार काका आयुष्यभर बँकेत होते. त्यांना अक्षर लागलं नाही की ते पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह करतात. पेन्सिलने, कारण नंतर खोडता येतं. एवढी साधी पेन्सिल त्या अ‍ॅपकडे नव्हती.

हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रणा साधारणपणे प्रत्येक अक्षराबरोबर आपली खात्री किती हेही मोजतात. म्हणजे पोटात कुठेतरी "१ असेल किंवा ९ असेल" अशी कुरकुर झालीच असणार. ती पडद्यावर आणायची की गिळायची, हे डिझाइन करणारा माणूस ठरवतो. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून कोणीतरी ती गिळायला लावली. अशा मीटिंगा मी ऐरोलीत पाहिल्या आहेत. "युजरला कशाला घाबरवायचं?" हे वाक्य मीही एकदा बोललोय, त्यामुळे फार फुशारकी नको.

पुढचा प्रकार तर गमतीचाच. बोलक्याला चूक दाखवली. "आपण अगदी बरोबर आहात, क्षमस्व" म्हणून त्याने लगेच दुरुस्ती केली. मला शंका आली म्हणून २१ तारखेची, अगदी स्वच्छ अक्षरातली पावती काढली आणि खोटंच म्हटलं, "हेपण चुकलंय ना?" तर पुन्हा क्षमस्व, आणि बरोबर असलेला आकडा बदलून मोकळा! मग आधीची दुरुस्ती तरी पावती बघून केली होती की माझा सूर बघून?

तेच ३८ फोटो मग शंकासुराला दिले. याने साडेतीन मिनिटं घेतली, पण नुसतं तीन टिंबं नाचवत न ठेवता "३८ पैकी १४ वाचल्या" असं सांगत राहिला. तक्ता आला तो कुरूप. प्रत्येक रकमेशेजारी पावतीचा तेवढाच कापलेला तुकडा, आणि सात चौकटी पिवळ्या. १७ तारखेच्या चौकटीत लिहिलं होतं: "१ की ९?" बोट ठेवलं की मूळ फोटो मोठा होऊन उघडतो. त्यालाही ती पावती वाचता आली नव्हती. फक्त तसं त्याने सांगितलं. उरलेल्या सहा पिवळ्या चौकटी बरोबर निघाल्या, म्हणजे तसं पाहिलं तर सहा वेळा उगाच थांबवलं. माझी चार मिनिटं गेली.

"१ की ९?" या तीन अक्षरांवर मी जरा जास्तच खूश आहे, ते का तेही सांगतो. काही अ‍ॅप "९३ टक्के खात्री" असं दाखवतात. ते काकांना दाखवलं तर ते विचारतील, "मग मी काय करू?" टक्क्यांचं काही करता येत नाही. "१ की ९?" म्हटलं की डोळा आपोआप बरोबर जागी जातो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ साली माणूस आणि एआय यांच्या व्यवहारासाठी १८ मार्गदर्शक तत्त्वं मांडली. त्यातली पहिली दोन अशी: यंत्रणा काय करू शकते ते स्पष्ट सांगा, आणि ते किती चांगलं करू शकते तेही सांगा. पहिलं सगळेच पाळतात, जाहिरातच असते ती. दुसऱ्याशी गाठ पडते ती टँकरच्या पावतीवर.

बोलक्याच्या बाजूने एक म्हणता येईल, की तो कारणं देतो. प्रत्येक उत्तराखाली "हे का?" असं बटण आहे. सुरुवातीला मला ते फार आवडलं होतं. १७ तारखेच्या रकमेवर ते दाबलं तर उत्तर आलं: "कारण पावतीवर ही रक्कम नमूद आहे." एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला झेरॉक्सच्या रांगेतला प्रयोग आठवला. पाच पानं काढायची आहेत, मध्ये घुसू द्याल का, असं नुसतं विचारलं तर ६० टक्के लोक हो म्हणाले. "मला घाई आहे" म्हटल्यावर ९४ टक्के. आणि "मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून" असं पोकळ कारण दिलं तरी ९३ टक्के! "म्हणून" ऐकूनच माणसं सरकली. पण पानं वीस झाल्यावर पोकळ कारणाचा भाव उतरला: २४ टक्के, म्हणजे काहीच कारण न देण्याइतकाच. खरं कारण दिलं तर ४२. आमच्या कमिटीतही हेच चालतं. झाडूच्या बिलाला कोणतंही कारण चालतं, लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल आलं की सगळे चष्मे लावतात.

शंकासुर कारण देत नाही, कागद दाखवतो. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या ना-भोगवटा शुल्कावरून दर सभेला वाद होतो. आदर्श उपविधींप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. आकडा दोघांनीही बरोबर सांगितला. बोलक्याने तीन परिच्छेद लिहिले, पण कलमाचा नंबर विचारल्यावर जो दिला तिथे आमच्या पुस्तिकेत पार्किंग निघालं. शंकासुराने आम्हीच स्कॅन करून दिलेल्या उपविधींचं पान उघडलं, दोन ओळी रंगवल्या आणि खाली नेहमीचं "सदर तरतूद अवलोकनार्थ." ते पान मी प्रोजेक्टरवर लावलं आणि वाद तिथेच संपला. दुसऱ्या एका प्रश्नाला "दिलेल्या कागदपत्रांत आढळले नाही" असं उत्तर आलं, तेव्हा शोधलं तर स्कॅन करताना आमचीच दोन पानं राहून गेली होती.

आता शंकासुराच्या तक्रारी, नाहीतर म्हणाल की दलाली घेतोय. तो विचारतो फार. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक रकमेला मंजुरी मागायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात मी बघताही न बघता "मंजूर, मंजूर" दाबत सुटलो. हे बोलक्यापेक्षा वाईट, कारण आता चुकीवर माझी सही. मग सेटिंग बदललं: पिवळं असेल ते दाखवच, बाकी पाच हजारांवरच्या रकमेलाच विचार. तेव्हापासून बरं आहे. आणि तो चुकतच नाही असंही नाही. जूनमध्ये एका प्लंबरच्या बिलावर ५ चा ४ झाला आणि चौकट पिवळी नव्हती. काकांनी पकडलं.

तरीही माझं मन त्याच्याकडे झुकलंय, आणि त्याचं कारण आमच्या आईचं घड्याळ असावं. स्वयंपाकघरातलं ते घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं आणि घरातल्या सगळ्यांचा त्यावर पूर्ण भरवसा होता. चूक किती आणि कुठल्या बाजूला, हे माहीत होतं ना! ली आणि सी या दोन संशोधकांनी २००४ मध्ये यंत्रांवरच्या विश्वासाबद्दल जे लिहिलं, त्याचा गाभाही मला तोच वाटतो: यंत्र जेवढं लायक तेवढाच विश्वास बसावा, कमी नको आणि जास्तही नको. शंकासुर कुठे अडखळतो ते मला आता साधारण कळतं: कार्बनची प्रत, ओला कागद, १ आणि ९. बोलका कुठे अडखळतो ते सहा महिन्यांनंतरही सांगता येणार नाही, कारण अडखळताना त्याचा आवाज बदलत नाही.

गोड बोलण्याचा परिणाम होतो हे मात्र कबूल करायला हवं. एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम सादर केला. तो आपल्या साहेबांनीच बनवलाय हे डोळ्यांनी पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलता बोलता साहेबांना म्हणाल्या, जरा बाहेर जाता का? मीही सेक्रेटरीच. ७६,४०० चा आकडा न तपासता ग्रुपवर टाकला त्यात त्या "मी बघतो ना"चा वाटा किती, हे मी काकांना सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे सगळी बिलं छापील, इंग्रजी आकड्यांची येत असतील तर हा फरक कदाचित जाणवणारही नाही, आणि बोलका रोजच्या वापराला जास्त सुखाचा आहे. टँकर, भंगारवाला, प्लंबर, गणपतीच्या मांडववाल्याची चिठ्ठी असा कारभार असेल तर माझ्या मते शंकासुर. पण माझ्यावर जाऊ नका. दोन्हींची महिनाभराची चाचणी फुकट आहे. फाईल काढा, तुम्हाला स्वतःला लागत नाही अशी एक पावती शोधा आणि तिचा फोटो दोघांना द्या. चांगली पावती देऊ नका, ती दोघंही वाचतात.

आमचं बोलक्याचं वर्षाचं सबस्क्रिप्शन अजून संपलेलं नाही. तोवर वर्गणीच्या नोटिसा त्याच्याकडेच आहेत, रकमेची जागा रिकामी ठेवून. ती काका भरतात.