आठ मुलांचं घर की पंचवीस मुलांचं केंद्र? पाळणाघर वाढवण्याआधी

मागच्या महिन्यात मुलुंड पूर्वेच्या भाजीबाजारात एक जुनी ओळखीची भेटली. ती घरी आठ मुलं सांभाळते. आणखी नऊ मुलांच्या आया नंबर लावून बसल्या आहेत आणि शेजारच्या सोसायटीत तळमजल्यावरचा टू बीएचके भाड्याने मिळतोय. "घेऊ का गं ताई?" म्हणाली. हातात मेथीच्या जुड्या, मागून रिक्षावाल्याचा हॉर्न, तिथे काय सांगणार? तिला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणींपुढे असतो.

मी दोन्ही केलंय. 2001 पासून अकरा वर्षं घरी, नंतर केंद्र. जागा, डिपॉझिट, सोसायटीची परवानगी यांबद्दल सल्ला द्यायला गल्लीत माणसं कमी नाहीत. मला बोलायचंय ते चालवणारीच्या सवयींबद्दल. घरच्या पाळणाघरात ज्या सवयींमुळे लोक तुमचं नाव काढतात, त्यातल्या निम्म्या केंद्रात गेल्यावर तुमच्यावरच उलटतात.

डोक्यातली वही आणि कागदावरची वही

घरी सगळं डोक्यात असतं. कुणाला मऊ भातात मेतकूट लागतं, कोण पालथं झोपतं, कुणाची आई बुधवारी उशिरा येते, हे तुम्ही झोपेतही सांगाल. आठ मुलं एका नजरेत मावतात. पोळ्या लाटतानाही तुमचा कान बाहेरच्या खोलीत असतो. घरच्या काकूची खरी ताकद हीच, आणि कुठल्याही केंद्राला तिची बरोबरी करता येत नाही.

केंद्रात पंचवीस मुलं आणि दोन पाळ्यांत पाच मावश्या असतात. तुमच्या डोक्यातलं तिथे कुणाच्याच उपयोगाचं नाही. सकाळच्या मावशीला माहीत असलेलं दुपारच्या मावशीपर्यंत पोचलं नाही, तर एकच औषध दोनदा दिलं जाईल. म्हणून पहिली सवय लावावी लागते ती लिहून ठेवण्याची: किती जेवला, कधी झोपला, शी कितीदा झाली, औषध कुणी दिलं आणि किती वाजता. औषध तर पालकांच्या चिठ्ठीशिवाय नाहीच, मग ते नाकात घालायचे साधे थेंब का असेनात. सुरुवातीला मला हे सरकारी कारकुनीसारखं वाटायचं. मी म्हणायची, "मला विचारा ना, मी सांगते." पण मी दाताच्या डॉक्टरकडे गेले त्या दुपारी मावश्यांनी विचारायचं कुणाला?

दुसरी सवय बघण्याची. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात सांभाळणाऱ्या बाईनेच तान्ह्या बाळाला मारहाण केली. सगळं सीसीटीव्हीत टिपलं गेलं होतं, पण उघड झालं ते बाळाच्या अंगावरच्या खुणा आईवडिलांना दिसल्यावर. कॅमेरा होता, पण वेळेवर बघणारं कुणी नव्हतं. त्यानंतर प्रत्येक केंद्राच्या जाहिरातीत 'सीसीटीव्ही' हा शब्द आला. रोज वेगवेगळ्या वेळी, मावश्यांना न सांगता पंधरा मिनिटं फुटेज बघणाऱ्या बायका मात्र मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच भेटल्या. बघायचं तर जेवणाची आणि झोपवण्याची वेळ बघा. माणसाचा संयम तिथेच सुटतो.

चावा

या एका गोष्टीवर मी जास्त थांबणार आहे, कारण चालवणारीचा कस लागतो तो इथेच.

दीड ते अडीच वर्षांची मुलं चावतात. बोलता येत नाही, खेळणं हवं असतं, दात शिवशिवतात, मग चावतात. यात कुणाचे संस्कार काढायचं कारण नाही. घरी असं झालं की काकू संध्याकाळी दारातच सांगते, "अगं, आज दोघांची जुंपली, बर्फ लावलाय." दोन्ही आया एकमेकींना ओळखतात, एक हसते, दुसरी ओशाळते, विषय संपतो. नातं हीच तिथली व्यवस्था.

केंद्रात तीच पद्धत वापरली आणि माझं तोंड पोळलं. गेटवर मावशीने आईला नुसतं "थोडं लागलंय" म्हणून सांगितलं. आईने रिक्षात बाही वर करून पाहिलं तर दंडावर दातांचा लालभडक ठसा. घरी पोचायच्या आत पालकांच्या ग्रुपवर फोटो, आणि रात्री अकरापर्यंत मला अठरा फोन. चूक मावशीची नव्हती, वाईट बातमी कुणी द्यायची हे मी ठरवलंच नव्हतं.

तेव्हापासून नियम असा: लागलं, चावलं, पडलं, तर तासाभरात फोन जाणार आणि तो मीच करणार. आईला लोकलमधून उतरल्यावर गेटवर कळता कामा नये, ऑफिसच्या खुर्चीत असताना कळायला हवं. काय झालं, कधी झालं, आपण काय केलं, एवढंच सांगायचं. चावणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, कितीही खोदून विचारलं तरी नाही. त्याच्या आईशी वेगळं बोलायचं, तेही फिर्याद म्हणून नाही. घरच्या पाळणाघरात नाव लपवणं हास्यास्पदच ठरतं, सगळ्यांना सगळं माहीत असतं. केंद्रात ते सांगून टाकलं की दुसऱ्या दिवशी दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठतात.

हा फोन करताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. आधी वाईट बातमी मावशीवर ढकलण्याचा मोह फार होतो. तो ज्यांना आवरणार नाही, त्यांनी घरीच सुखाने राहावं.

एक मावशी, पाच मावश्या

घरी मदतीला एक मावशी असते आणि तिच्याशी नातं घरच्यासारखं असतं. ती आपल्यातच जेवते, मुलाच्या फीसाठी उचल मागते, तुम्ही देता. ती रागावते, तुम्ही रागावता, चहाला पुन्हा एकत्र. हे छान चालतं.

पाच जणींत हेच केलं तर महिन्याभरात दोन गट पडतात. एकीला उचल दिल्याचं उरलेल्या चौघींना संध्याकाळपर्यंत कळतं. म्हणून उचलीचा नियम सगळ्यांना एकच, पगार ठरल्या तारखेलाच, आणि चूक दाखवायची ती त्याच दिवशी, दार लावून, पालकांच्या नजरेआड. आईच्या देखत मावशीला झापलं की आई खूश होते आणि मावशी पुढच्या वेळी लपवायला शिकते. पाळणाघरात लपवलेल्या चुकीइतकं महाग काही नाही.

मग सुट्ट्या. कोकणातल्या मावश्या गणपतीला जाणारच, आणि होळीलाही. ऐनवेळी "गावाला चाललेय ताई" म्हणाल्या म्हणून चिडण्यात अर्थ नाही, कॅलेंडर आपल्या भिंतीवरही असतं. मी जुलैतच विचारून ठेवते. घरी मावशी नाही आली तर तुम्ही पदर खोचता आणि दिवस ढकलता. केंद्रात तसं करता येत नाही. 2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक, असं प्रमाण दिलंय. म्हणजे 8 लहान आणि 16 मोठी असली तर कागदावर दोघी पुरतात. प्रत्यक्षात एकीने एकाला शी धुवायला नेलं की उरलेल्या तेवीस जणांपुढे एकच बाई. चौघींखाली मी कधी दार उघडत नाही, आणि एखाद्या सकाळी तीनच आल्या तर ऑफिसचं काम गुंडाळून खाली बसते.

पैसे

इथे फार रेंगाळत नाही. समजा घरी 8 मुलं, फी 5,000. महिन्याला 40,000. मावशीचे 12,000 आणि खाऊ-गॅस-विजेचे 4,000 वजा जाता 24,000 उरले. समजा केंद्रात 25 मुलं, फी 6,000. दीड लाख. भाडं 45,000, पाच मावश्यांचे 75,000, बाकी खर्च 12,000. उरले 18,000. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गल्लीतले घालून पाहा. तिप्पट मुलं म्हणजे तिप्पट पैसे, हा भ्रम मात्र आधी सोडा. केंद्राला गती येते ती मुलं तीसच्या वर गेल्यावर. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. तुमच्या वह्या नीट असतील तर जवळच्या ऑफिसांकडून मुलं मिळू शकतात. घरच्या काकूकडे सहसा ते येत नाहीत, त्यांना कागद लागतात.

दार कुणासाठी उघडं

आता थोडं अप्रिय. घरच्या पाळणाघरात तुमचे यजमान, दीर, गावाहून आलेले पाहुणे, गीझर दुरुस्त करणारा, सगळ्यांची ये-जा असते. त्यांच्यावर तुमचा विश्वास असतो, पण पालकांनी तो ठेवावा का, हा प्रश्न आपण विचारत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडपली तर त्याला तुरुंगवास होऊ शकतो. मुलाजवळ कधीही एकटा मोठा माणूस नको, ही सवय केंद्रात लावणं सोपं, घरी अवघड. या बाबतीत माझं मत स्वच्छ केंद्राच्या बाजूने आहे.

उशिरा येणाऱ्या पालकांचंही तसंच. काकूला उशिराचे पैसे मागायला लाज वाटते, मग ती मनात कुढते आणि राग निघतो सगळ्यात शेवटी राहिलेल्या पोरावर. केंद्रात पाटीवर वेळ आणि दर लिहिलेला असतो. लोकल बंद पडली तर सूट, मीटिंग लांबली तर नाही.

26 जुलै

पण एका दिवशी घरच जिंकलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या ठप्प, फोन लागेनात. माझ्याकडे पाच मुलं रात्रभर राहिली. खिचडी केली, झोळी बांधली, मोठ्या दोघांना पलंगावर आमच्या मध्ये घेतलं. एक बाबा पहाटे पवईहून चालत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि दारातच बसून राहिला. घर होतं म्हणून हे सहज झालं. केंद्रात त्या रात्री कोण थांबलं असतं? मावश्यांचीही पोरं कळव्याला, दिव्याला वाट बघत असतात.

त्या रात्रीमुळे प्रत्येक मुलाच्या फॉर्मवर मी चालत येऊ शकतील अशा दोन माणसांची नावं घेते, आणि जून ते सप्टेंबर रात्री कोण थांबणार हे आधी ठरवते, पैसे देऊन. जे घरी मायेने होतं ते केंद्रात आधी ठरवून करावं लागतं. काही जणींना यात मायेचा अपमान वाटतो. मला वाटत नाही.

मग कुणी काय घ्यावं

मुलांच्या अंगाखांद्यावर राहणं हाच तुमचा आनंद असेल तर घर सोडू नका. केंद्रात गेलात की दिवसाचे सहा तास मोठ्या माणसांतच जातात: मावश्या, पालक, घरमालक, प्लंबर. मोठ्यांना शिकवण्यात, त्यांनी आपल्यापेक्षा चांगलं करावं यात ज्यांना रस आहे, त्यांच्यासाठी केंद्र. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्यावरही, पुढे कोसबाडला हललेलं हे काम अनुताईंनी चालू ठेवलं. घरचं पाळणाघर काकूच्या गुडघ्यांबरोबर थकतं. केंद्राचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर पहिल्या वर्षापासून आपल्या जागेवर बसू शकेल अशी एक जण तयार करायला लागते, आणि तिला निर्णय चुकू द्यायला लागतात.

भाजीबाजारातल्या मैत्रिणीला मी नंतर फोनवर एक करून बघायला सांगितलं. सोमवारी घरातच आतल्या खोलीत बसायचं, दार लोटून घ्यायचं आणि सकाळी नऊ ते एक सगळं मावशीवर सोपवायचं. रडण्याचा आवाज आला की किती वेळा उठलो ते मोजायचं. गंभीर काही असेल तर अर्थातच जायचं, पण बाकीचं मोजायचं.

मी 2012 मध्ये हे केलं तेव्हा पहिल्या सोमवारी अकरा वेळा उठले होते. चौथ्या सोमवारी दोनदा, आणि त्यातलं एकदा चहासाठी. त्या आठवड्यात मी डिपॉझिट भरलं. तिचा पहिला सोमवार परवा झाला. चौदा वेळा, म्हणाली, आणि वर मलाच विचारलं, "डायपर बदलायला गेले ते धरायचं का गं?"